ओरलीन टॅकेटने नाकारलेला कंदील

लॉरेल फोर्क कॉलेजात कंदील मंडळाचा मान धुडकावणारी पोरगी आजवर एकच झाली, ओरलीन टॅकेट, अशी कुजबुज कित्येक वर्षं चालली. निवडीचा हात खांद्यावर पडणार तोच ती ताडकन उठली आणि कॉलेजच्या भरल्या चॅपेलमधून, म्हणजे प्रार्थनाघरातून, चालती झाली म्हणे. का? कुणी म्हणे, डीनच्या पुतण्याशी तिचं बिनसलं होतं. कुणी म्हणे, मंडळातली मंडळी ढोंगी आहेत असं तिने तोंडावर सुनावलं. तिच्या खोलीत राहणारी नेल्डा तर दर भेटीत नवं कारण सांगायची, आणि प्रत्येक कारण शपथेवर.

आता हे कंदील मंडळ करायचं तरी काय? वर्षभरात पाहुण्यांना लिंबाचं सरबत द्यायचं, पदवीदानाला डीनच्या उजव्या हाताला बसायचं, आणि जेवणघरात जरा हळू चालायचं, म्हणजे कोटावरची कंदिलाची पिन सगळ्यांना दिसते. पण त्या पिनसाठी शहाणीसुरती पोरं वेडीपिशी व्हायची. कारण केंटकीच्या त्या डोंगराळ भागात न्यायाधीश म्हणा, बँकेचा मॅनेजर म्हणा, शाळांचा मुख्य म्हणा, ज्याच्या त्याच्या कोटावर तोच कंदील.

ओरलीनला मात्र पिन मिरवायची नव्हती. तिला कॉलेजचं शेवटचं वर्ष हवं होतं. तिचा बाप हॉबर्ट टॅकेट लाकूड कापायच्या गिरणीत कामाला. आई दोन हिवाळ्यांपासून अंथरुणाला खिळलेली, आणि तिचं सगळं करायला हॉबर्टची बहीण व्हेस्टा. नाताळात जेवणाच्या टेबलावर, मक्याच्या पावाचा तुकडा मोडता मोडता हॉबर्टने सांगून टाकलं होतं, "उन्हाळ्यात घरी यायचं. पुरे झालं शिक्षण."

"डॅडी, एकच वर्ष राहिलंय हो."

"पाद्री सांगत होते, तिथं कसला तरी कंदील देतात. त्यांचा मेहुणा त्यातनंच जज्ज झाला. तो मिळवून दाखव, मग शिक शेवटचं वर्ष. हॉबर्ट टॅकेटचा शब्द आहे."

झालं. परत आल्यापासून पोरीने स्वतःला झोकून दिलं. मंडळाला पुढारी हवेत ना, मग ती दिसेल तिथं पुढारी झाली. गायनवृंदाची चिटणीस झाली, रक्तदानाची प्रमुख झाली. वादसभेत हरली तरी अध्यक्षांच्या खुर्च्या हीच मांडायची. लॅटिन मंडळाची तर ती अध्यक्षच होती, आणि सभासद तीन, त्यातला एक मास्तर. वजन उतरलं, डोळे खोल गेले. नेल्डा म्हणायची, "अगं ओरलीन, तू आता फक्त फुटबॉलच्या संघाची कप्तान व्हायची राहिलीस!" ओरलीन हसायचीसुद्धा नाही. कुठल्यातरी मंडळाच्या कागदावर सही करता करता विचारायची, "त्यांना मुलगी चालेल का?"

वसंतात डॉगवूडची झाडं फुलली की निवडीचा दिवस. त्या दिवशी काळे झगे घालून, डोक्यावरून टोप ओढून मंडळाची जुनी पोरं चॅपेलच्या बाकांमधून फिरायची. फिरत राहायची, मुद्दाम, घाम फोडायला. मग एकेकाच्या मागे थांबायचं आणि खांद्यावर हात ठेवायचा. कुणाची निवड झाली हे आधी कुणालाच सांगत नसत, पण निवडलेल्यांच्या आईबापांना गुपचूप बोलावून मागच्या गायन-खोलीत लपवून ठेवत. हे गुपित असं की सगळ्या कॉलेजला ठाऊक. त्यामुळे त्या सकाळी आशा लावून बसलेली सगळी पोरं पुस्तकं हुडकायच्या मिषाने आवारात गाड्या हुडकत फिरायची.

नेल्डा धापा टाकत खोलीत शिरली. "ओरलीन! जेवणघराच्या मागे तुझ्या बापाचा पिकअप उभाय!"

"खोटं बोलू नकोस गं. आज तरी नको."

"हिरवा, दार दोरीने बांधलेला! अख्ख्या केंटकीत दुसरा असेल का तसा?"

ओरलीन पलंगावर बसली आणि चेहरा उशीत खुपसून रडली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिने मोकळा श्वास घेतला. मग तोंड धुतलं, निळा ड्रेस इस्त्री केला आणि चॅपेलमध्ये कडेची जागा सोडून मधे बसली, पाहणाऱ्याला घाई दिसू नये म्हणून. शेजारी कॉरा ॲन विनफ्री, वकिलाची मुलगी. ती बिचारी नखं खात होती. ओरलीनने तिचा हात दाबून म्हटलं, "धीर धर." इतकी तिची खात्री!

झगे फिरू लागले. एक हात पडला, दुसरा पडला. मग एक झगा त्यांच्या बाकामागे आला, पुढे गेला, परत आला. थांबला. ओरलीनला मानेवर श्वास जाणवला. डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाही उचललेली दिसली, आणि हात टेकायच्या आत ती उठून उभी राहिली.

हात हवेतच राहिला. टोपाखालचा चेहरा प्रेंटिस लोगनचा. गायनवृंदात तिच्याच मागे उभा राहणारा पोरगा. त्याची नजर तिच्यावर नव्हतीच, कॉरा ॲनच्या खांद्यावर होती. तो ओठ न हलवता पुटपुटला, "ओरलीन, खाली बस."

खाली बसायचं म्हणजे साऱ्या कॉलेजसमोर बसायचं. तिला ते जमेना. ती बाकातून बाहेर पडली, लोकांच्या पायांवर पाय देत, आणि मधल्या वाटेने दाराकडे चालू लागली. मागे प्रेंटिसने हात कॉरा ॲनच्या खांद्यावर टेकवला. सगळ्यांना दिसलं ते एवढंच: हात ओरलीनवर आला, ती निघून गेली, मग कंदील शेजारणीला मिळाला. कॉरा ॲनला जन्मभर 'उरलीसुरली' म्हणत ते उगाच नव्हे.

हॉबर्ट पिकअपला टेकून तंबाखू चघळत उभा होता. तिने काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "ट्रंक भर. व्हेस्टा ओहायोला पोरीकडे निघून गेली. तुझ्या ममाला पाणी द्यायला माणूस नाही. शेजारणीला बसवून आलोय."

"डॅडी, तुम्हाला कॉलेजने नाही बोलावलं?"

"मला? कशाला?"

तेवढ्यात चॅपेलच्या पायऱ्यांवरून एक लठ्ठ पोरगा ओरडत आला, "मिस्टर टॅकेट, तुमच्या मुलीने कंदील नाकारला! कुणी कधी असं केलं नव्हतं!"

हॉबर्टचा जबडा थांबला. "दिलेलं परत केलंस?"

ओरलीनने मागे वळून पायऱ्यांकडे पाहिलं.

"अगं, मी व्हेस्टाला कॉलर धरून ओहायोतनं ओढून आणली असती! शब्द दिला होता मी. ममाची सोय झाली असती, तुझं वर्ष झालं असतं. एवढा कसला माज गं?"

तिने तोंड उघडलं. पायऱ्यांवर पोरं दाटीने उभी होती. नाताळापासून तिने ज्यांच्या खुर्च्या मांडल्या तीच, आणि आज पहिल्यांदा तिच्याकडे आदराने बघत होती. तिने तोंड मिटलं.

"बोल की!"

"ट्रंक आणते," ती म्हणाली.

घरी पोचेपर्यंत हॉबर्ट बोलला नाही, आणि पुढेही फारसा नाही. आईचं अंथरूण बदलणं, तिला भरवणं, तिच्या पाठीला तेल लावणं, यात ओरलीनची वर्षं गेली. आई गेल्यावर जवळच्या केनी गावच्या टपालखात्यात खिडकीवरची नोकरी मिळाली. कॉलेजला निघालेली पोरं मुद्दाम त्या खिडकीशी थांबत, "तुम्हीच ना त्या?" म्हणून विचारत. ती तिकिटं मोजून देई आणि पुढच्या माणसाला बोलावी. हॉबर्ट मरायला टेकला तेव्हाही त्याचं एकच, "का परत केलंस गं?" तिने तेव्हाही फक्त त्याची उशी सारखी केली.

ओरलीन टॅकेटने कंदील नाकारला नव्हता. त्या वर्षी तिला निवडलंच नव्हतं.