उन्हाचं अनुदान

दोन वर्षं खपून लिहिलेल्या कोडमधलं एक ओळ सोडली तर आज काही आठवत नाही, पण कोण कधी काय बोललं ते सगळं तोंडपाठ आहे. शिरीष आणि मी भेटलो की अजून तेच सुरू होतं, आणि त्याची बायको केतकी "चला, उघडलं यांचं जपान" म्हणत चहा टाकायला उठते.

तेव्हा पुण्यातली निम्मी आयटी मंडळी टोकियोत होती. शिरीष-केतकी हिगाशी-कसाईला, मी ओजिमाला. काम एका छोट्या नगरपालिकेचं. घराच्या छपरावर सोलर पॅनेल बसवलं की ती अनुदान द्यायची. त्या अर्जांचं सॉफ्टवेअर आमच्याकडे. शिरीष लीड, मी डेव्हलपर, आणि नगरपालिकेकडून मोरियामा-सान. पन्नाशीचे, शर्टाच्या बाह्यांवर निळी कव्हरं चढवून बसणारे, आणि कधीही न हसणारे.

*

पहिला डेमो. शिरीषने मोठ्या ऐटीत दाखवलं, की नागरिक घरबसल्या अर्ज भरणार, बटण दाबणार, काम संपलं.

मोरियामा-साननी शांतपणे विचारलं, "शिक्का कुठे मारायचा?"

शिरीष म्हणाला, "शिक्का लागणारच नाही. ऑनलाइन आहे ना."

मोरियामा-साननी डोळे मिटले. आम्हाला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "अर्ज छापावा. त्यावर सहीऐवजी अर्जदाराने आपला शिक्का मारावा. मग तो कागद पोस्टाने पाठवावा."

"मग ते ऑनलाइन कसं?"

"आहे ना ऑनलाइन," मोरियामा-सान म्हणाले. "पोस्टात टाकेपर्यंत."

*

दर रविवारी मी सोलापूरला फोन करायचे. एकदा बाबांनी विचारलं, "तू तिथे नेमकं करतेस काय?"

मी सांगितलं, "लोकांनी उन्हावर वीज तयार करावी म्हणून इथलं सरकार त्यांना मदत देतं. त्याचं सॉफ्टवेअर करते."

सोलापुरात तेव्हा बेचाळीस-त्रेचाळीस अंश असणार. बाबा म्हणाले, "म्हणजे उन्हासाठी तू सोलापूर सोडून जपानला गेलीस?"

*

प्रत्येक अर्जासोबत छपराचे फोटो लागायचे. टेस्टिंगसाठी फोटो हवे होते म्हणून शिरीषने घरून ईमेलवर आलेला नाशिकच्या गच्चीचा फोटो टाकला, आणि काढायचा विसरला. तो नेमका मीटिंगमध्ये पडद्यावर आला. गच्चीभर पसरलेल्या साड्या आणि त्यांवर ओळीने मांडलेले पोह्याचे पापड.

मोरियामा-सान पुढे वाकले. "ही गोल पॅनेलं कोणत्या कंपनीची?"

शिरीष गडबडला. "माझ्या आईची."

मग आम्ही दोघांनी मिळून आमच्या मोडक्या जपानीत पापड समजावला. पीठ, लाटणं, ऊन, तळणं. मोरियामा-साननी सगळं ऐकून घेतलं आणि वहीत नोंद केली. मी हळूच डोकावून वाचलं. 'सूर्यप्रकाशाचा वापर: होतो. वीज: होत नाही. अपात्र.'

*

नमुन्याला आलेलं एक छोटं पॅनेल शिरीषने घरी नेलं आणि बाल्कनीच्या कठड्याला बांधलं. मोबाइल चार्ज होतो का, ते बघायला. दुसऱ्याच दिवशी बिल्डिंगच्या मॅनेजरबाई दारात. केतकीला म्हणाल्या, "बाल्कनीत फक्त कपडे आणि गाद्या वाळत घालता येतात. हे काय आहे?"

केतकीचं जपानी तेव्हा भाजी आणण्यापुरतं. तिला 'पॅनेल'साठी शब्द सापडेना. म्हणाली, "हेसुद्धा गादीसारखं उन्हातच ठेवायचं असतं."

बाईंनी पॅनेलकडे बराच वेळ पाहिलं. "ठीक आहे. पण चारच्या आत घरात घ्या. नंतर दमट होतं."

पुढे वर्षभर केतकी रोज पावणेचारला कपडे, गादी आणि सोलर पॅनेल आत घ्यायची.

*

आणि एक किस्सा माझा. हा सांगताना अजून कान गरम होतात.

जपानमध्ये जन्मसाल सम्राटाच्या कारकिर्दीवरून लिहितात. आधी ताइशो, मग शोवा, मग हेइसेइ; प्रत्येक वेळी आकडा पुन्हा एकपासून. मी कोडमध्ये लिहिलं होतं, की शोवा नसेल तर हेइसेइ धरा. छपरावर पॅनेल बसवायला ताइशोतलं, म्हणजे इतकं म्हातारं, कोण येतंय, असा माझा हिशेब.

आल्या. पंचाहत्तरीच्या एक आजी. माझ्या कोडने त्यांच्या ताइशो चौदाचं हेइसेइ चौदा केलं; तेव्हा हेइसेइ तेरा चालू होतं, म्हणजे त्यांचं जन्मसाल पुढच्या वर्षात गेलं. पत्रं आपोआप छापली जायची, आणि त्यातली वाक्यं मीच शब्दकोश घेऊन लिहिलेली. आजींना नगरपालिकेचं शिक्क्यानिशी पत्र गेलं: 'अर्जदाराचा जन्म अद्याप झालेला नसल्यामुळे अर्ज नामंजूर.'

पैसे अर्जांच्या क्रमाने मिळायचे, आणि त्या वर्षीचा निधी संपत आला होता. आजींचा नंबर गेला असता तर पॅनेलही गेलं असतं. सोमवारी सकाळी मी दुरुस्ती चढवली, मोरियामा-साननी आजींना त्यांचा जुना क्रमांक परत मिळवून दिला, आणि म्हणाले, "जोशी-सान, माफी मागायला जायचं आहे."

बुधवारी गेलो. रस्ताभर मी माफीचं वाक्य पाठ करत होते. आजी एकट्याच राहायच्या. आम्ही चटईवर गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकलो. ते वाक्य मी निम्म्यात विसरले.

आजींनी चहा ओतला. ते पत्र त्यांनी घडी घालून जपून ठेवलं होतं. ते आमच्यासमोर ठेवून त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "मग आता माझा जन्म झाला का?"

मी मोरियामा-सानकडे पाहिलं. त्यांनी बॅगेतून फाइल काढली, चष्मा लावला, पान उलटलं, नोंदीवर बोट ठेवलं.

"झाला," ते म्हणाले. "सोमवारी सकाळी, सव्वादहा वाजता."