पुढच्या शुक्रवारी

माझे वडील कोंडू यांनी नवशाकाकांना आयुष्यात एकच शब्द दिला आणि तो पाळायला एकतीस वर्षं घेतली. शब्द साधा होता: "पुढच्या शुक्रवारी तुला गाडीवरनं घरी सोडतो."

नवशाकाका वज्रेश्वरीच्या पलीकडच्या पाड्यावरचे. भिवंडीच्या एका कारखान्यात चार लूम, म्हणजे यंत्रमाग, बाबा चालवत आणि शेजारचे चार काका. शुक्रवारी सगळ्या गावाचे लूम बंद असतात, म्हणून काका पहाटेच्या पहिल्या एसटीने घरी जात आणि शनिवारी पहिल्या एसटीने परत येत. बाबांनी जुनी राजदूत मोटारसायकल घेतली तेव्हा मोठ्या तोऱ्यात हा शब्द दिला. गाडी बुधवारी बंद पडली. तेव्हापासून ती आमच्या ओट्यावर उभी होती आणि आई तिच्यावर गोधड्या वाळत घालायची.

लूमवर जन्म काढलेली माणसं हातांनी बोलतात, कारण त्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाही. छातीवर हात ठेवायचा, मग बोट दुसऱ्याच्या लूमकडे, मग हात झटकायचा. म्हणजे, तुझे लूम मी बघतो, तू जा, चहा पिऊन ये. हे दोघं आमच्या घरातही असंच बोलत, समोरासमोर बसून. पाहुण्यांना वाटायचं, यांचं भांडण झालंय.

गेल्या दिवाळीत मालकाने सांगितलं की मे संपला की लूम भंगारात जातील आणि तिथे गोदाम होईल. आमचं घर इथेच, पण काका कायमचे पाड्यावर जाणार हे ठरलं. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजदूतवरच्या गोधड्या उचलून आईच्या हातात दिल्या.

"जायच्या दिवशी तू गाडीवरनंच जाशील," ते काकांना म्हणाले.

"आन न्हाय चालू झाली त?"

"होईल."

"न्हाय झाली त चालत जाईन. एसटीत न्हाय बसणार. तू शब्द दिला हाय."

काका गंमत करत नव्हते. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पण हा माणूस खरंच चालला असता. बाबांनाही ते माहीत होतं.

मग रोज शिफ्ट सुटली की दोघं ओट्यावर. शुक्रवार सोडून, कारण शुक्रवारी काका गावी, आणि त्यांच्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही असा बाबांचा नियम. पिस्टन बदलला, रिंगा बदलल्या, कॉईल बदलली. कार्बोरेटरचे भाग आईच्या चहाच्या गाळणीत धुतले. नवी गाळणी मी आणली. कागदपत्रांसाठी खेटेही मीच घातले, कारण या दोघांचा विश्वास फक्त पान्यावर.

फेब्रुवारीत गाडी चालू झाली. मिनिटभर चालली आणि बंद पडली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बाबा टाकीवर तळहात ठेवून डोळे मिटायचे आणि दुसऱ्या हाताने कार्बोरेटरचा स्क्रू हळूहळू फिरवायचे. लूम नीट चालतोय की नाही हे ते असंच ओळखत आले होते. काकांचा हात सीटवर. थोड्या वेळाने दोघं एकमेकांकडे बघून मान हलवायचे, जमलं. तेवढ्यात गाडी बंद.

पेट्रोलात भेसळ आहे असं ठरलं. मग प्लग डुप्लिकेट आहे असं ठरलं. कार्बोरेटर अकरा वेळा खोलला. आई म्हणाली, "भावजी, तुम्ही आपली चालायची प्रॅक्टिस सुरू करा."

शेवटच्या गुरुवारी काकांची पत्र्याची पेटी आमच्याकडे आली आणि काकाही मुक्कामाला आले. संध्याकाळी गाडी नेहमीप्रमाणे मिनिटभर चालून बंद पडली. बाबा पाना हातात धरून नुसते बसून राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला आणि रडूही आलं. मी कशेळीच्या गोदामात ड्युटीला असते, माझी सुट्टी रविवारी. पण शुक्रवारची रजा मी आधीच टाकली होती. पेटी स्कूटीवर घेऊन मागे जायचं, आणि राजदूत रुसलीच तर काकांना गोड बोलून स्कूटीवर बसवायचं, असा माझा बेत होता.

सकाळी आई बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरी सरळ करत होती. शेजारच्या कारखान्याची आणि आमची भिंत एकच, त्यामुळे आठवडाभर जमीन थरथरते आणि तसबिरी तिरक्या होतात. शुक्रवारी त्या सरळ करायच्या हे घरचं वळण.

बाहेर बाबांनी रोजच्यासारखा स्क्रू पुन्हा मूळ जागी आणून तिसऱ्या किकला गाडी चालू केली. टाकीवर तळहात ठेवला, डोळे मिटले, स्क्रू ड्रायव्हर स्क्रूला लावला आणि थांबले.

"ताल लागत न्हाय," ते म्हणाले. "हिचा ताल कुठं गेला?"

गाडी मात्र फटफट चालूच होती. पाच मिनिटं झाली तरी चालूच.

मी भिंतीकडे बघितलं. "बाबा, आज शुक्रवार आहे. शेजारचे लूम बंद आहेत."

रोज जमिनीतून गाडीत चढणारा लूमचा ठोका या दोघांच्या हाताला लागत होता, आणि ते इंजिनाची गती कमी करत करत त्या ठोक्याशी जुळवत होते. तेवढ्या संथ चालीत कुठलं इंजिन तग धरेल? गाडीत काही बिघाड नव्हताच. हे दोन कारागीर तिला रोज कापड विणायला लावत होते.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. यासाठी त्यांच्याकडे खूण नव्हती. मी बाबांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला आणि माझ्या पर्समध्ये टाकला.

अंबाडी नाक्याला चहा झाला, इंजिन बंद न करता. बाबांनी ताशी तीसच्या वर गाडी नेली नाही. काका मागे नवरदेवासारखे ताठ बसले होते. पाड्यावर पोचलो तेव्हा काकांच्या पत्नी तानीकाकू दारात आल्या. त्यांनी आधी गाडीकडे बघितलं, मग बाबांकडे.

"पुढच्या शुक्रवारी सोडतो बोलला होता ना?" त्या म्हणाल्या.

जेवणं झाली. निघताना बाबांनी किल्ली काकांच्या हातात ठेवली. "भिवंडीला नेली त पुन्हा बंद पाडीन मी. हितं कुठं लूम हाय? हितंच ऱ्हाऊ दे."

ते माझ्या स्कूटीवर मागे बसले. काकांनी छातीवर हात ठेवला, राजदूतकडे बोट केलं आणि हात झटकला. मी बघतो, तू जा, चहा पिऊन ये. बाबांनी मान हलवली. अंबाडीपर्यंत ते माझ्या पाठीमागे रडत होते, आणि गाडी चालवता चालवता मीही.

पुढच्या शुक्रवारी पहाटे बाबा अंघोळ करून, चपला घालून दारात उभे. वज्रेश्वरीची पहिली एसटी सुटायला वीस मिनिटं होती. आईने विचारलं, "एवढ्या पहाटे कुठं?"

"माझा चहा पिऊन झाला," बाबा म्हणाले.