देवीसाठी सोडलेला गूळ

देवीवर माझा अविश्वास कधीच नव्हता. माझा अविश्वास होता तो पाण्यावर. पण एवढं कबूल करायला मला निम्मं आयुष्य आणि मांडीपर्यंत चिखल लागला, म्हणून हा अनुभव लिहून ठेवतो आहे.

मी उंब्रजचा. सोळा वर्षं पायदळात काढली, हवालदार होऊन घरी आलो आणि ऊस, गुऱ्हाळ, चार बैल यांच्यात रमलो. एकाहत्तरच्या लढाईत मी पुढच्या ठाण्यावर होतो आणि घरी कित्येक दिवस पत्र नव्हतं, तेव्हा आमच्या कारभारणीने नवस बोलला. शेजारच्या मास्तरीणबाई मूळच्या कोकणातल्या. त्यांच्या गावाकडे खाडीच्या आतल्या टोकाला गुहेत एक देवी आहे, तिथे होडीनेच जावं लागतं. धनी सुखरूप आले तर जोडीनं येऊन ओटी भरीन, आणि तोवर गूळ तोंडात घालणार नाही, असं ही बोलून बसली. गुऱ्हाळवाल्याच्या घरात गूळ सोडायचा म्हणजे काय ते ज्याचं गुऱ्हाळ आहे त्यालाच कळेल. गुऱ्हाळ वडिलांच्या वेळचं, आणि पूर्वी रस आटवायच्या प्रत्येक काहिलीतला पहिला खडा हिच्या जिभेवर पडायचा. हिने मान हलवली की मगच पुढची काहील चुलवणावर चढायची.

मी सुखरूप आलो. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. नवस मात्र सहा वर्षं तसाच राहिला. एका वर्षी उसाची तोड आडवी आली, दुसऱ्या वर्षी बैल आजारी पडला, तिसऱ्या वर्षी थोरलीचं लग्न निघालं. चौथ्या वर्षी काहीच सापडेना, तेव्हा मी स्वतःच्या पाठीत उसण भरवून घेतली. ही एका शब्दाने बोलली नाही. संक्रांतीला सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवायची आणि स्वतः नुसते तीळ चावायची. होळीला घरभर पुरणपोळी वाढून स्वतः भाकरी-आमटी घेऊन बसायची. मला पोळी गोड लागत नसे, पण आमचा हट्ट मोठा.

खरं कारण मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आठ वर्षांचा असताना म्हशीच्या पाठीवर बसून मी कृष्णेत उतरलो आणि म्हैस डोहात जाऊन बसली. चुलत्याने केसांना धरून बाहेर काढलं. तेव्हापासून पाणी गुडघ्याच्या वर आलं की माझा जीव कंठाशी येतो. पलटण डोंगरातली, म्हणून तिकडे निभावलं. पण हवालदार पाण्याला भितो हे गावाला कळलं असतं, तर पारावर बसायची सोय राहिली नसती.

सहाव्या वर्षी चैत्रात ऊस संपला होता, बैल धडधाकट होते आणि पाठही दुखेना. हिने ओटीचं सामान पिशवीत भरलं: खण, नारळ, तांदूळ आणि आमच्या गुऱ्हाळातली गुळाची एक लहान ढेप. पिशवी उंबऱ्यात ठेवून ही नुसती उभी राहिली. मी मुकाट्याने टोपी घातली. एस.टी.ने कुंभार्लीचा घाट उतरून आम्ही मास्तरीणबाईंच्या भावाकडे मुक्काम केला आणि सकाळी भिकू नावाच्या नावाड्याच्या होडीत बसलो.

सकाळ फार सुंदर होती असं ही सांगते. दोन्ही काठांना हिरवी झाडी, मधे संथ पाणी, लांबवर एखादं शीड. संसाराला पंचवीस वर्षं झाली, पण दोघंच असे निवांत कुठे गेलो नव्हतो. ही पाण्यात हात सोडून लहान मुलीसारखी हसत होती. मी होडीच्या मधोमध बसून दोन्ही कडा घट्ट धरल्या होत्या आणि मनात मारुतीस्तोत्र चाललं होतं. भिकूने विचारलं, “पावनं, होडी पळून जाईल काय?” मी कडा आणखी घट्ट धरल्या.

वाटेत भिकूची सासुरवाडी लागली. “च्या घेऊन येतो,” म्हणत तो काठाच्या दगडावर उतरला. पाण्यात एक खुंट रोवलेला होता. दोरीचं टोक माझ्या हातात देऊन तो म्हणाला, “त्या खुंटाला लावा, पन सैल ठेवा.” आता, मी शेतकरी. सैल दाव्याचा बैल सकाळी दुसऱ्याच्या उसात सापडतो, हे मला भिकूने शिकवायचं? मी दोरी आखडून खुंटाला अशी कासरागाठ मारली की होडीचं नाक जागचं हलेना. होडी डुलायची थांबली, जिवात जीव आला. आम्ही चटणी-भाकरी खाल्ली. चहाला गेलेला जावई जेवणावर बसला असावा. ऊन चढलं, आणि आम्हा दोघांनाही डुलकी लागली.

जाग आली ती मी घसरत असताना. होडीचं नाक आभाळाकडे, शेपूट खाली, आणि खाडीतलं पाणी कुठल्या कुठे निघून गेलेलं. आमची कृष्णा पूर आला तर वाढते, उन्हाळ्यात आटते, पण भाकरी पचेपर्यंत निघून जात नाही. ओहोटी हा शब्द मी ऐकला होता. ती दिवसातून दोनदा येते आणि माझ्या गाठीला जुमानत नाही, हे ठाऊक नव्हतं. गाठ तर होडीच्या वजनाने दगडासारखी झाली होती.

इतक्यात ही ओरडली, “आवं, ओटी!” पिशवी घसरत घसरत मागच्या कडेवरून खाली निघाली होती. पुढचं मी विचार करून केलं असं म्हणायला जीभ रेटत नाही. मी उडी मारली. जिथे उडी मारली तिथे पाणी आहे की नाही, हेसुद्धा पाहिलं नाही. पिशवी वरच्या वर झेलली आणि मांडीपर्यंत चिखलात रुतलो. एक पाय उपसावा तर दुसरा आणखी खाली जाई.

डोक्यावर पिशवी धरून मी तसाच उभा राहिलो. ही तिरप्या होडीच्या फळीला धरून वरून बघत होती. त्या अवस्थेत कसली हवालदारी शिल्लक राहणार? मी म्हणालो, “अगं, मला पाण्याची भीती वाटती. लहानपणापास्नं. म्हणून सहा वर्षं टाळलं.”

“मला ठावं हाय,” ही म्हणाली.

“कवापास्नं?”

“लगीन झाल्यापास्नं. हौदालाबी वळसा घालून जाता तुमी.”

“मग येवढी वर्षं बोलली का न्हाईस?”

“तुमी तरी कुठं बोलला? भ्यालेल्या माणसाला वडून देवीम्होरं न्यायचं, ते तिला तरी आवडलं असतं व्हय?”

डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याची मात्र भीती वाटली नाही.

तेवढ्यात चिखलातून एक म्हातारी आली. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, कमरेला टोपली, हातात कालवं फोडायची कोयती. अंगणातून चालावं तशी चालत आली, आधी होडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पोट धरून हसली. “पानी काय बैल हाय, आखडून बांधायला? ता जाता, ता येता. दोरी सैल सोडायची!” कोयतीने तिने दोरी कापली आणि होडी चिखलात अलगद टेकली. मग मला म्हणाली, “वडू नको. जेवडा वडशील तेवडा जाशील. मागं रेल, आंग सैल सोड.” मी पिशवी हिच्या हाती दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या भरवशावर अंग सोडून दिलं. पाय आपसूक वर आले. होडीत चढून मागे बघतो, तर ती काठावरच्या झाडीत दिसेनाशी झाली होती.

दिवस कलता कलता समुद्राकडून पाणी परत आलं. उलटं, वरच्या अंगाला वाहत आलं आणि होडी आपोआप तरंगली. भिकू ढेकर देत परतला. मी भारावून त्याला म्हणालो, “तुमच्या देवीनं आज मला दर्शन दिलं.” त्याने खाणाखुणा विचारल्या आणि कपाळाला हात लावला. “देवी कसली? माझी सासू ती. तुमची दोरी कापून आली नि मला ताटावरनं उठवलान!”

मी वाद घातला नाही. देवीलाही कोणाची तरी सासू व्हावंसं वाटत असेल.

भरतीनेच आम्हाला गुहेपर्यंत नेलं. वल्हं फारसं मारावंच लागलं नाही, आणि माझे दोन्ही हात मोकळे मांडीवर होते. गुहेत समईचा तेवढा उजेड. हिने ओटी भरली, मी नारळ फोडला. गुरवाने ढेपेतला एक खडा देवीपुढे ठेवला आणि उचलून हिच्या हातावर दिला. हिने तो तोंडात घातला, डोळे मिटले. मी हिच्या तोंडाकडे बघत होतो. वाटलं, आता ही रडणार. डोळे उघडून ही हळूच म्हणाली, “आवं, पाक लय करपवताय तुमी.”

सहा वर्षं आमचा गूळ काळा पडत होता, पेठेत त्याचं पूर्वीसारखं नाव राहिलं नव्हतं, आणि मी दोष देत होतो उसाला. सांगणारी जीभ माझ्याच हट्टाने मिटून बसली होती. मी देवीपुढे डोकं टेकलं ते लवकर उचललंच नाही. लढाईतून मला जिवंत आणलंस त्याचे उपकार मानायलाही मी सहा वर्षं उशिरा आलो, आई, एवढंच म्हणालो. अंग सैल सोडल्यावर ती वर काढते, एवढं मला कळलं आहे. रोज जमतं असं नाही.

आता गुऱ्हाळ लागलं की पहिला खडा हिच्या हातावर जातो. ही मान हलवेपर्यंत मी टोपी काढून उभा असतो.