भुजंगचा धांडा

आमच्या नाटक कंपनीचा ड्रायव्हर भुजंग जाफराबादचा. अठरा वर्षं त्यानं आम्हाला गावोगाव सुखरूप पोचवलं. मी जीपमधून उतरताना तो दार असं धरायचा, की नाटकात राजा होणारा मी बघणाऱ्याला खराच राजा वाटावा. अशा माणसाला चोर ठरवलं, तेही एका काट्याच्या साक्षीवर. इतकी वर्षं झाली, माझा राग उतरलेला नाही.

१९८८ साली आमचे मालक मुकुंदराव यांनी मेव्हण्याकडून जुनी जीप घेतली. महिनाभरात तिचा डिझेलचा काटा रिकाम्या खुणेवरून हलेना, टाकी गळ्यापर्यंत भरली तरी. मेव्हण्यानं खराब गाडी गळ्यात मारली, हे मुकुंदराव कसं मान्य करणार? भुजंग डिझेल बाहेर विकतो, असं त्यांनी परतूरच्या मुक्कामी सगळ्या कंपनीदेखत सुनावलं. उद्यापासून येऊ नकोस म्हणाले.

भुजंगनं ड्रायव्हरची सीट उचलली, खालच्या टाकीत ज्वारीचा धांडा बुडवला आणि वर काढून दाखवला. धांडा वरपर्यंत ओला.

"काटा खोटा आणि तुझी काडी खरी?" मुकुंदराव म्हणाले. "पकडला गेलास म्हणून आत्ता भरून आणलं असशील."

भुजंग शांतपणे म्हणाला, "जातो मालक. पण चोर होऊन न्हाई जाणार. आधी टाकी उघडून बघा."

सकाळी आम्ही सगळे मच्छिंद्र मिस्त्रीच्या गॅरेजात. त्यानं टाकीवरची वायर सोडवून जीपच्या पत्र्याला टेकवली. काटा झटकन भरलेल्या खुणेवर गेला. म्हणजे काटा बराबर, वायर बराबर. दुखणं टाकीच्या आत. मग त्यानं टाकीतला फ्लोट बाहेर काढला. चुन्याच्या डबीएवढा पितळी पोकळ फुगा तो. डिझेलवर तरंगतो आणि काट्याला वर चढवतो. मच्छिंद्रनं तो माझ्या कानाशी हलवला. आत डिझेल डुचमळत होतं. सांधा फुटून भरलेला फुगा तळाशी बसला होता.

"बदलून टाक," मुकुंदराव मिस्त्रीला म्हणाले आणि चालू लागले. भुजंगला एक शब्द नाही!

संध्याकाळी प्रयोगाची वेळ झाली, तरी मी रंग लावला नाही. मुकुंदराव धावत आले. मी म्हणालो, राजा तयार होईल, पण काल जे सगळ्यांदेखत बोललात ते सगळ्यांदेखत परत घ्या. त्यांनी भुजंगला बोलावलं, कंपनी गोळा केली आणि खाली बघत पुटपुटले की चूक झाली.

"मुकुंदराव," मी म्हणालो, "मागच्या रांगेला ऐकू आलं नाही."

त्यांना ते मोठ्यानं पुन्हा म्हणावं लागलं. तेव्हा कुठे मी आरशासमोर बसलो.

नवा फ्लोट बसला, काटा सुतासारखा चालू लागला. तरी भुजंगनं धांडा सोडला नाही. पुढं तो कंपनीत होता तोवर, निघण्याआधी तो सीट उचलायचा आणि साऱ्या कंपनीला ऐकू जाईल अशी हाक मारायचा, "मालक, या. बघून घ्या." आणि मुकुंदरावांना प्रत्येक वेळी उतरून यावं लागायचं.