कार्बोनेटला हात लावू नका

आमच्या दादाला साधं बोलता येत नाही. पाऊस पडला तर तो 'पर्जन्य' म्हणेल. संग्रहालयात नोकरी करतो. हजारो वर्षांपूर्वी गाडली गेलेली माती उकरून आणायची आणि लोकांना बघता येईल अशी मांडायची, हे त्याचं काम. ती बघायला किती लोक येतात ते विचारू नका. शेजारच्या दालनात देवमाशाचा सांगाडा आहे, सगळी गर्दी तिकडे.

बरं, माती तिथेच ठेवावी ना! तीही घरी यायची. फ्रीजमध्ये भाजीच्या खणात मातीच्या पुड्या, न्हाणीघरात बादलीमागे ढेकळं. आईनं डोक्याला हात लावून विचारावं, "हे काय आणलंयस बाबा आता?" की याचं ठरलेलं उत्तर, "कार्बोनेट आहे. तुला नाही कळायचं."

कार्बोनेट म्हणजे चुना. एवढं साधं आहे ते. पण चुना म्हणायचं नाही, कारण एकदा भर सभेत हा मोठ्या उत्साहानं म्हणाला होता, "या जमिनीला चुना लावलाय तो झाडांच्या मुळांनी!" सभागृह खो खो हसलं. हसणारच. त्या दिवसापासून यानं तो शब्दच टाकला. मी घरी एकदा मुद्दाम "मुळांनी चांगलाच चुना लावला म्हणायचा," असं चिडवलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. एवढा घोडा झाला, तरी रुसणं काही सुटलं नाही.

तर गावाबाहेर विटांची माती काढायचा एक खोल खड्डा होता. त्याच्या भिंतीत दादाला हवं ते सापडलं. वर तांबूस माती, तिच्यातून खाली उतरलेल्या पांढऱ्या नळ्या, काही करंगळीएवढ्या, काही सुतळीएवढ्या, आणि त्या सगळ्या खालच्या एका पांढऱ्या पट्ट्यात शिरलेल्या. त्याच्या साहेबांचं म्हणणं, तो पट्टा म्हणजे आटलेल्या तळ्याचा तळ. दादाचं म्हणणं, तळंबिळं काही नाही, तो थर मुळांनी घडवलाय, आणि नळ्या हाच त्याचा पुरावा. त्यानं भिंतीला डिंकासारखं काहीतरी फासलं, वर कापड चिकटवलं, वाळल्यावर दाराएवढी मातीची साल अलगद सोलून आणली. नंतर तो खड्डा बुजवून तिथे गाड्या लावायची जागा झाली. म्हणजे आता जो काही पुरावा होता तो त्या सालीवर.

ती साल दालनात भिंतीला उभी लावली होती. तिच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी आणि आई दादाचा डबा घेऊन संग्रहालयात गेलो. रंगारी नुकतेच छताला सफेदी करून गेले होते, फरशीवर पांढरे थेंबच थेंब. दादाला सालीपुढे बसवायची काच आणायची होती, आणि ती धरायला दुसरं कुणी नाही म्हणून मी. निघताना तो आईला बजावून गेला, "कशालाही हात लाव, पण कार्बोनेटला हात लावू नकोस."

आई म्हणाली, "नाही रे बाबा."

काच घेऊन परत आलो, तर आई पदर खोचून उभी. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात व्हिनेगरची बाटली, सफाईवाल्यांच्या कपाटातली. चेहऱ्यावर काय ते समाधान!

"रंगाऱ्यांनी बघ किती घाण केली होती तुझ्या मातीवर. चुना नुसता! व्हिनेगर लावलं की फसफसून जातो. गुडघ्यांमुळे खाली वाकता आलं नाही, तेवढं राहिलंय."

दादाच्या हातातली काच मी घट्ट धरली, नाहीतर तीही गेली असती.

"आई! सांगितलं होतं ना कार्बोनेटला—"

"तुझ्या कार्बोनेटला बोट लावलं असेल तर शपथ! नुसता चुना काढला."

मग दादा जो ओरडला, तसा मी त्याला जन्मात ओरडताना ऐकलं नव्हतं. मलाही राग आला, पण कुणाचा ते ठरवता येईना. शेवटी आईच हळू आवाजात म्हणाली, "कधी तरी नीट सांगितलं असतंस तर?"

दादा मटकन खाली बसला आणि सांगू लागला. "कोरड्या मुलखात झाडाला तहान फार. मूळ मातीतलं पाणी पितं, पण त्या पाण्यात विरघळलेला चुना पीत नाही. तो मुळाभोवती साचतो. मूळ मरून कुजतं, चुन्याची नळी मागे राहते. अशी कितीतरी झाडं, कितीतरी वर्षं. साचता साचता खाली सगळा थर पांढरा होतो." इतकं सोपं! हे त्यानं आधी कधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मी त्याला विचारलं नाही. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

दुसऱ्या दिवशी साहेब सालीपुढे उभे राहिले. तळाशी उरलेल्या दोन तुटक्या नळ्या बघून म्हणाले, "एवढ्यावरून मुळं म्हणायचं? बाकीच्या कुठायत?"

"माझ्या हलगर्जीपणामुळे गेल्या," दादा म्हणाला.

"मग पाटीवर तळं लिहा."

तेवढ्यात मागून आई पुढे आली. मी तिचा हात धरायला गेले, तिनं झटकला.

"अहो साहेब, खोटं बोलतोय तो. मी पुसल्या. पुसताना एकेक बोटाला लागत होती. वरून खाली जायची आणि थेट त्या पांढऱ्यात घुसायची, एकही मधे तुटलेली नव्हती. तळ्यात असं होतं का?"

साहेब जरा चपापले. "अहो, पण मग पुसल्यात कशाला?"

"मला काय ठाऊक! हा कार्बोनेट म्हणायचा. चुना म्हणायची त्याला लाज वाटायची."