हरणांसाठी पेरलेली मोहरी

आमच्या त्या शेजाऱ्याचा मला आजही राग येतो. तो एव्हाना मेलाही असेल, पण माझा राग काही गेलेला नाही.

ऐंशीच्या दशकात बाबांनी इंग्लंडमध्ये, लेस्टर शहराबाहेर, एका खेड्याच्या अगदी कडेला घर घेतलं. ते हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. घरामागे पडीक जमिनीचा लांबट तुकडा होता आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्याची शेतं. आम्ही राहायला आल्यापासून हा माणूस हवामानापलीकडे एक शब्द बोलला नव्हता. एका ऑगस्टमध्ये मात्र बियांचं पोतं घेऊन दारात हजर. केल, टर्निप, क्लोव्हर, मोहरी, सगळं एकत्र.

"तुमची जमीन रिकामीच पडलीय. हे पेरा, थंडीत हरणं येतील," म्हणाला.

बाबांना आभाळ ठेंगणं झालं. आम्ही बौद्ध. बुद्धांनी पहिला उपदेश सारनाथला, हरणांच्या वनात केला, हे आमच्या घरात पाढ्यांच्या आधी शिकवलं जायचं. बाबांनी जमीन खणली, बूट काढले, पंचशील म्हटलं आणि बारीक बी एका जागी पडू नये म्हणून वाळूत कालवून मुठीमुठीने फेकलं. शेजारी कुंपणाला टेकून हसत होता. ते हसणं मला तेव्हाच खटकलं.

"बाबा, पोतं त्याचं आणि राबायचं तुम्ही?"

"अगं, नेबरली वागतोय तो. तू उगाच सगळ्यांवर डाफरतेस."

रविवारी वंदनेसाठी लंडनला, ईलिंगच्या विहारात गेलो की भेटेल त्याला बाबा सांगायचे, "आमच्याकडे मृगवन केलंय, या बघायला." आणि हरणं खरंच आली. आधी बिचकत, मग रोज. बाबा मागच्या दारात उभे राहून त्यांच्याशी मराठीत बोलायचे, तरी ती निवांत चरत राहायची. शेजाऱ्याने त्याच्या हद्दीत, कुंपणाला लागून, शिडीवर एक उंच खुर्ची ठोकली. बाबा खूश झाले. म्हणाले, "त्यालाही बघायचीत वाटतं."

नोव्हेंबरात एका शनिवारी सकाळी गोळीचा आवाज झाला. थोड्या वेळाने शेजारी दारात आला, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली तंगडी. "हा तुमचा वाटा. तुमच्याशिवाय जमलं नसतं."

बाबांनी ती घेतली आणि थँक यू म्हणाले. थँक यू! माझ्या अंगाची नुसती आग झाली. मी त्या माणसाच्या तोंडावर दार आपटलं. बाबा पुडकं टेबलावर ठेवून खुर्चीत बसले. "मीच बोलावलं गं त्यांना," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी फावडं घेतलं आणि दुपारभर सगळं उपटून काढलं. शेजारी पलीकडून ओरडला, "अहो, वेड लागलंय का? आता तर कुठे सीझन सुरू झालाय!"

चार वाजता अंधारून यायला लागलं. शेजारी बंदूक घेऊन खुर्चीत चढून बसला आणि नेहमीच्या वेळेला हरणं आली. उकरलेल्या मातीत उरलंसुरलं हुंगू लागली. बाबा स्टीलचं ताट बडवत, ओरडत धावले. हरणांनी माना वर केल्या, बाबांना ओळखलं आणि पुन्हा खायला लागली. एक मादी तर त्यांच्याच दिशेने चालत आली.

बाबांनी ढेकूळ फेकलं. ती जागची हलेना. मग त्यांनी दगड उचलला. तो तिच्या बरगडीवर बसला, तशी ती उडी मारून रस्त्याकडे पळाली. बाकीची अजून तिथेच होती. अंगावरची मुंगीसुद्धा फुंकर मारून घालवणारे माझे बाबा हुंदके देत होते आणि एकामागून एक दगड मारत होते.