बर्लिनकरांचा दगड

गाणं सुरू करण्यापूर्वी बर्लिनकर चामड्याच्या जॅकेटमधून बांगड्यांची मखमली डबी काढायचे. आत लिंबाएवढा सिमेंटचा तुकडा, बर्लिनच्या पडलेल्या भिंतीचा. तो कपाळाला लावून, डोळे मिटून, जगाचं सगळं दुःख एकट्याच्या वाट्याला आल्यासारखे ते मिनिटभर उभे राहायचे. नोएडातल्या सप्टेंबरात ते जॅकेट! दुःखापेक्षा घामच जास्त. कंपनीतर्फे चार दिवस बर्लिनला जाऊन आले आणि त्यांचं खरं आडनाव आम्ही विसरूनच गेलो.

त्या भिंतीवर त्यांनी एक रॉक गाणं रचलं होतं. 'एका शहराची दोन शहरं केली कुणी?' असं ते विचारायचे, आणि कोणी उत्तर देत नाही म्हणून आठ वेळा विचारायचे. आवाज शिट्टी अडकलेल्या कुकरसारखा. मी कीबोर्डवर. मला म्हणायचे, "वहिनी, हे भजन नाही. थोडा राग आणा!" राग माझ्याकडे भरपूर होता, पण तो घरी नेऊन मी नवऱ्यावर काढायची.

आमच्या सोसायटीच्या बँडमध्ये वाजवता येत होतं ते फक्त अल्ताफला. परभणीचा, यूपीएससीची तयारी करणारा. सोसायटीच्या भिंतीपलीकडच्या गावात त्याची खोली. रविवारी दोन तास ड्रम वाजवायचा. "मॅडम, एवढे दोन तासच मला परीक्षा आठवत नाही," म्हणायचा.

सोसायटीच्या त्या भिंतीत, मागच्या बाजूला, एक छोटं गेट होतं. बर्लिनकर सेक्रेटरी झाले आणि महिन्याभरात त्याला कुलूप लागलं. पलीकडून 'कुणीही' येतं म्हणे. आता अल्ताफला दोन किलोमीटरचा वळसा. मी विचारलं, "गाण्यात भिंत पाडता, आणि इथे कुलूप?"

"वहिनी, आर्ट वेगळं, सिक्युरिटी वेगळी."

वर, वळसा घालून घामाघूम आलेल्या अल्ताफला सुनावायचे, "रॉकमध्ये टायमिंग पाहिजे, यार!"

"सर, गेट उघडा, टायमिंग आपोआप येईल."

गणपतीच्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी अल्ताफ मेन गेटवर अडकला. बाहेरच्या माणसाला सेक्रेटरींची परवानगी लागते, आणि सेक्रेटरी फोन बंद करून, दगड कपाळाला लावून ध्यानस्थ. शेवटी ड्रमशिवायच गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला स्टेजमागून ठोके आले. धाड, धाड, धडाड! अचूक लयीत. अल्ताफ पलीकडून त्या कुलूपबंद लोखंडी गेटवर दोन्ही काठ्यांनी वाजवत होता. गाणं पहिल्यांदाच गाण्यासारखं वाटलं. बर्लिनकर माइकवर ओरडले, "वा! पब्लिक ताल धरतंय!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी नोटीस लावली: मागच्या गेटवर हुल्लड करणाऱ्यांवर कारवाई होईल.

अल्ताफ पुन्हा आला नाही. पुढच्या वर्षी खोली सोडून परभणीला गेला.

बर्लिनकर आता पुण्याला स्थायिक झालेत. जाताना त्यांनी मला सेक्रेटरीपदाच्या किल्ल्या आणि ती डबी दिली. "जपा, वहिनी. इतिहास आहे." त्यांना हसायचा मला मोठा हक्क होता अशातला भाग नाही, कुलुपाच्या अर्जावर माझीही सही होती, छान वळणदार. अल्ताफ गेटवर वाजवत होता तेव्हाही मी उठले नाही, कीबोर्ड वाजवत राहिले.

त्याच आठवड्यात मी कुलूप काढलं. पण गेटला स्प्रिंग आहे, ते आपोआप मिटतं. म्हणून खाली तो दगड लावून ठेवलाय. अगदी बरोबर बसतो.